पुढचा रेणू कोणता? औषध शोधणाऱ्या केमिस्टचं काम

औषध शोधणाऱ्या केमिस्टची आठवडाभराची मेहनत बहुतेक वेळा बोटाएवढ्या काचेच्या कुपीत मावते. तळाशी पंधरा-वीस मिलिग्रॅम पांढरी पूड आणि वरच्या चिठ्ठीवर नोटबुकचा पान क्रमांक. ही पूड कुठल्याही रुग्णाच्या पोटात जाणार नसते. ती जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाते, काही दिवसांनी तिथून एक आकडा परत येतो आणि तो बघून आता पुढचा रेणू कोणता बनवायचा हे ठरवावं लागतं.

मेडिसिनल केमिस्ट म्हणजे नेमकं कोण, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच असतं: पुढचा रेणू कोणता हे ठरवणारा, आणि तो स्वतःच्या हाताने बनवू शकणारा माणूस. गोळ्यांचं घटकद्रव्य किलोंनी, टनांनी तयार करणं हे प्रोसेस केमिस्टचं काम. गोळी नीट विरघळावी, वर्षभर टिकावी हे बघणारे फॉर्म्युलेशनवाले वेगळे. आमचं काम या सगळ्याच्या आधीचं, जेव्हा ते औषध जगात अस्तित्वातच नसतं.

सुरुवात साधारण अशी होते. एखाद्या आजाराच्या मुळाशी अमुक एक प्रथिन आहे आणि ते थांबवलं तर रुग्णाला फायदा होईल, असा अंदाज जीवशास्त्रज्ञ बांधतात. या प्रथिनाला आम्ही टार्गेट म्हणतो. मग कंपनीच्या साठ्यातली लाखो संयुगं त्या प्रथिनावर तपासली जातात. त्यातली काही थोडीफार चिकटतात. त्यांना म्हणायचं हिट. कधी हिट निसर्गातून येतो. रक्तदाबावरच्या कॅप्टोप्रिलचा धागा ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषापर्यंत जातो. तो कुठूनही येवो, हिट जवळजवळ नेहमीच कच्चा असतो. ढिला चिकटतो, नको त्या प्रथिनांनाही चिकटतो, पाण्यात विरघळत नाही, यकृत त्याचा अर्ध्या तासात फडशा पाडतं. या कच्च्या रेणूला घडवत घडवत माणसाला देता येईल इथवर आणणं हा आमचा धंदा. त्याला कित्येक वर्षं लागतात आणि वाटेत शेकडो, कधी हजारो रेणू बनतात.

हे इतकं अवघड का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण या कामातली सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप तिथेच आहे.

रेणूकडून आपल्याला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी हव्या असतात. टार्गेटला तो घट्ट चिकटावा, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात काम व्हावं. बाकीच्या प्रथिनांना त्याने हात लावू नये. गोळी म्हणून घ्यायचा तर आतड्यातल्या पाण्यात विरघळावा आणि आतड्याच्या तेलकट पडद्यातून पारही व्हावा. यकृतातल्या एन्झाइमांनी त्याला लगेच तोडू नये, पण तो दिवसेंदिवस शरीरात साचूनही राहू नये. हृदयाच्या पेशींत हर्ग नावाचा पोटॅशियमचा एक मार्ग असतो, तो अडला तर हृदयाची लय बिघडते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. डीएनएला इजा करू नये. शिवाय तो कुणी आधी पेटंट केलेला नसावा आणि पुढे मोठ्या प्रमाणात बनवता येण्याजोगा असावा.

यातली कुठलीही एक गोष्ट साधणं फार कठीण नाही. कठीण आहे ते सगळ्या एकत्र साधणं. आखूड पांघरुणासारखं आहे हे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात.

एक उदाहरण देते, कारण यात प्रत्येक नवा केमिस्ट एकदा तरी फसतो. प्रथिनात रेणू जिथे बसतो तो खळगा बऱ्याचदा आतून तेलकट असतो. त्यामुळे रेणूला आणखी एखादं बेंझिनचं कडं जोडलं, क्लोरिन लावला, कार्बनची साखळी वाढवली की तो जास्त घट्ट बसतो. आकडा सुधारतो आणि आपण खूश होतो. पण तेलकट रेणू पाण्यात विरघळत नाही, यकृतातल्या एन्झाइमांना तो हवाहवासा वाटतो आणि हर्गलाही तो जास्त चिकटतो. म्हणजे एक आकडा सुधारताना बाकीचे चार बिघडत असतात, आणि ते चार आकडे उशिरा हातात येतात.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मी हेच केलं. चार महिन्यांत रेणूची ताकद दोनशे पट वाढवली आणि मीटिंगमध्ये मोठ्या उत्साहाने आलेख दाखवला. नंतर तो उंदरांना दिला तेव्हा त्यांच्या रक्तात त्याचा मागमूसही सापडला नाही. विरघळलाच नव्हता. आमच्या गटातले ज्येष्ठ केमिस्ट नंतर माझ्या टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणाले, "आकडा सुधारलास, पण रेणू बिघडवलास." ते वाक्य मी आजही नव्या मुलांना ऐकवते.

या तेलकटपणाला लगाम घालणारा एक प्रसिद्ध नियम आहे. फायझरमधल्या क्रिस्टोफर लिपिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो मांडला. तोंडावाटे घ्यायच्या औषधाचं रेणुभार ५०० च्या आत असावं, तेलकटपणा मोजणारा लॉगपी ५ च्या आत, हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देणारी ठिकाणं ५ पेक्षा जास्त नसावीत आणि घेणारी १० पेक्षा जास्त नसावीत. सगळे आकडे पाचाच्या पटीतले, म्हणून नाव 'रूल ऑफ फाइव्ह'. हा कायदा नव्हे. २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं रक्ताच्या कर्करोगावरचं व्हेनेटोक्लॅक्स रेणुभाराच्या बाबतीत ८६८ वर आहे आणि तरी तोंडावाटेच घेतलं जातं. पण नियम मोडायचा तर आपण काय मोडतो आहोत हे ठाऊक असायला हवं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते दाखवायला मला सिमेटिडिनच्या गोष्टीइतकी चांगली दुसरी गोष्ट सापडलेली नाही. जुनी आहे, पण प्रत्येक पायरीवर केमिस्ट कसा विचार करतो ते तिच्यात उघडं दिसतं.

१९६४ साली इंग्लंडमध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या प्रयोगशाळेत जेम्स ब्लॅक यांनी एक प्रश्न हाती घेतला. पोटात आम्ल सुटायला हिस्टामिन कारणीभूत असतं. सर्दी-ॲलर्जीची तेव्हाची औषधं हिस्टामिनला अडवत, पण पोटातलं आम्ल मात्र त्यांनी कमी होत नसे. म्हणजे हिस्टामिन ज्या प्रथिनाला चिकटून काम करतं तो रिसेप्टर पोटात वेगळा असणार. तो अडवता आला तर अल्सरवर औषध मिळेल. हातात सुरुवात म्हणून काय होतं? फक्त हिस्टामिन. प्रथिनाचा आकार कुणी पाहिलेला नव्हता. रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहम ड्युरंट आणि त्यांच्या सोबतच्या केमिस्टांनी हिस्टामिनच्या रेणूत इकडचं तिकडे करत सुमारे २०० संयुगं बनवली. चार वर्षं गेली आणि हाती काही लागलं नाही.

मग एका संयुगात अंधुक परिणाम दिसला. हिस्टामिनच्या शेपटीला असलेल्या अमाइनच्या जागी त्यात ग्वानिडिन नावाचा गट होता. तो रिसेप्टरला किंचित अडवत होता, पण त्याच वेळी किंचित चालूही करत होता, आणि या दुहेरी वागण्यामुळेच त्याचं अडवणं आधी नजरेतून सुटलं होतं. केमिस्टांनी विचार केला: रिसेप्टर चालू होतोय तो शेपटीवरच्या धन विद्युतभारामुळे असेल तर? मग तो भार काढून टाकू. ग्वानिडिनच्या जागी त्यांनी थायोयुरिया बसवला. दिसायला तसाच, पण त्यावर भार नाही. शेपटीही लांब केली. रिसेप्टर चालू होणं थांबलं आणि अडवणं तेवढं उरलं. हा बुरिमामाइड. पण तोंडावाटे दिला तर पुरेसा परिणाम होत नव्हता.

पुढची पायरी मला फार आवडते. हिस्टामिनमधलं नायट्रोजनयुक्त कडं दोन रूपांत राहू शकतं आणि बुरिमामाइडमध्ये ते बहुतेक वेळा चुकीच्या रूपात असतं, असं त्यांनी हिशेब करून ताडलं. शेपटीत एक सल्फर घातला आणि कड्यावर एक छोटासा मिथाइल लावला की तोल हव्या त्या रूपाकडे झुकेल. त्याप्रमाणे मेटियामाइड बनवला, तर तो बुरिमामाइडच्या दहापट प्रभावी निघाला. रुग्णांचे अल्सर बरे होऊ लागले. आणि मग काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी झाल्या.

दहा वर्षांच्या कामावर पाणी पडायची वेळ आली होती. संशय थायोयुरियातल्या सल्फरवर होता. तो काढून पुन्हा ग्वानिडिन आणायचा तर विद्युतभार परत येणार, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तोडगा निघाला तो शुद्ध रसायनशास्त्रातून. ग्वानिडिनच्या नायट्रोजनवर सायनो गट लावला की तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, ग्वानिडिनचा अल्कधर्म जातो आणि भार येतच नाही. सल्फर गेला, भारही नाही, आणि आकार जवळपास तोच राहिला. हे सिमेटिडिन. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये आलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत. तोवर ज्यांच्यापुढे शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नसे अशा कितीतरी रुग्णांचा अल्सर गोळीने आवाक्यात आला. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. बुरिमामाइडपासून सिमेटिडिनपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी फळ्यापाशी उभं राहून "हा अणू इथे का?" असं विचारलं होतं. आमचं काम म्हणजे हेच.

कधीकधी शरीरच केमिस्टला उत्तर दाखवतं. टर्फेनाडिन हे झोप न आणणारं ॲलर्जीचं औषध होतं. यकृत त्याचं झपाट्याने दुसऱ्या संयुगात रूपांतर करत असे, आणि गुण येत असे तो त्या दुसऱ्या संयुगामुळे. पण रुग्ण बुरशीवरचं किटोकोनाझोल घेत असेल तर हे रूपांतर करणारं यकृतातलं एन्झाइम अडायचं, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचायचं आणि हर्ग अडवून हृदयाची लय बिघडवायचं. काही रुग्ण यात दगावले. उपाय यकृतानेच तयार करून ठेवला होता. टर्फेनाडिनच्या टोकाच्या एका मिथाइलचं तिथे कार्बोक्सिलिक आम्ल होत होतं. तेच संयुग सरळ गोळीतून दिलं. ते फेक्सोफेनाडिन, आणि ते हर्गला अडवत नाही. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली आणि टर्फेनाडिन बाजारातून गेलं. त्या प्रकरणानंतर हर्गची चाचणी सुरुवातीलाच करायची शिस्त आमच्या धंद्यात पक्की रुजली.

वेगाचं उदाहरण द्यायचं तर कोविडवरचं निरमॅट्रेल्व्हिर. २००३ च्या सार्सच्या वेळी फायझरच्या केमिस्टांनी विषाणूच्या प्रोटिएजला, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला, अडवणारं एक संयुग बनवून ठेवलं होतं, पण ते शिरेतूनच देता येत असे. २०२० मध्ये ते पुन्हा बाहेर काढलं. हायड्रोजन बंध देणारी ठिकाणं कमी केली, प्रथिनाला धरणारं टोक बदलून नायट्राइल केलं, आणि आतड्यातून शोषला जाणारा रेणू जुलै २०२० मध्ये पहिल्यांदा बनला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. बाधा झाल्यावर घरी बसून गोळी घेता येणं आणि सलाइन लावायला रुग्णालयात जावं लागणं, यातला फरक त्या थोड्या अणूंनी पाडला. एरवी एका औषधाला दहा ते पंधरा वर्षं लागतात.

आता हातांबद्दल. बाहेरच्यांना वाटतं की विचार करणं हे खरं काम आणि रिॲक्शन लावणं ही हमाली. मला हे पटत नाही. समजा तुम्ही बोरॉनिक आम्ल आणि ब्रोमाइड जोडणारी सुझुकी रिॲक्शन लावली आहे. दोन तासांनी टीएलसी घेता, म्हणजे मिश्रणातले पदार्थ प्लेटवर वेगवेगळ्या उंचीवर धावतात का ते बघता. प्लेट यूव्ही दिव्याखाली धरता, तर सुरुवातीचा पदार्थ आणि प्रॉडक्ट दोन्ही एकाच उंचीवर धावलेले. एकच ठिपका की दोन, हे डोळे बारीक करून बघायचं, द्रावकाचं मिश्रण बदलून पुन्हा प्लेट लावायची. मग वर्कअप म्हणजे मिश्रण धुऊन घेणं, रोटा या फिरत्या यंत्रावर द्रावक उडवणं आणि कॉलम, म्हणजे भरलेल्या नळीतून सोडून पदार्थ वेगळे करणं. चाळीस परीक्षानळ्यांतून प्रॉडक्ट नेमकं नवव्यापासून चौदाव्यापर्यंत आलेलं. मग एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारी तपासणी, आणि तिथे दिसतं की ब्रोमाइडच्या जागी नुसता हायड्रोजन येऊन बसला आहे. दिवस गेला. पण हेटरोसायकलची, म्हणजे कार्बनखेरीज दुसरे अणूही असलेल्या कड्याची, अमुक जागा आळशी आहे, तिथे रिॲक्शन सहज होत नाही, हे आता तुम्हाला कळलं, आणि पुढच्या वेळी फळ्यावर रेणू काढताना ते हातांना आठवतं. कुठला रेणू दोन दिवसांत बनेल आणि कुठल्याला दोन महिने लागतील, हे ज्याला जाणवत नाही त्याच्या कल्पना फळ्यावरच राहतात.

संगणकाची मदत आता खूप आहे. प्रथिनांचे आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डबद्दल २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना विभागून मिळाला, तेही योग्यच. खळगा कसा दिसतो हे आधी कळलं तर आम्ही कितीतरी कमी चाचपडतो. पण खळग्यात बसणं ही त्या आखूड पांघरुणाची एकच बाजू. विद्राव्यता, यकृत, विषारीपणा यांबाबत यंत्रांचे अंदाज सुधारत आहेत, तरी खात्रीसाठी कुपी भरावीच लागते.

या वाटेवर यायचं कसं? भक्कम ऑरगॅनिक सिंथेसिस, म्हणजे कार्बनी रेणू बनवण्याचं कौशल्य, हे माझं उत्तर. बऱ्याच कंपन्या पीएचडी झालेल्यांना नोकरीवर घेताना मेडिसिनल केमिस्ट्रीची पदवी नाही, तर अवघड रेणू बनवण्याचा अनुभव बघतात. औषधांचं शास्त्र नोकरीत शिकता येतं. रिॲक्शन अडली की ती सोडवण्याची चिकाटी मात्र आधीच अंगात मुरलेली हवी. बीएस्सी-एमएस्सी करून आलेले केमिस्टही असतात आणि अनेकदा बेंचवर तेच सर्वांत तरबेज असतात. मात्र बहुतेक ठिकाणी एका पायरीनंतर पीएचडीशिवाय वर जाणं कठीण होतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. गर्ट्रूड एलियन यांना पीएचडी पुरी करता आली नाही. बाई म्हणून त्यांना शिष्यवृत्त्या नाकारल्या गेल्या, काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं. १९४४ मध्ये त्या बरोज वेलकम कंपनीत लागल्या, ल्युकेमियावरचं मर्कॅप्टोप्युरिन त्यांच्या कामातून आलं आणि ब्लॅक यांच्यासोबत १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्या किती मोठ्या होत्या हे यातून दिसतं, पण दरवाजे किती बंद होते तेही दिसतं.

पहिली काही वर्षं बेंचवर जातात. मग तुम्ही दोन-तीन जणांचं काम ठरवू लागता, पुढे पूर्ण प्रोजेक्टची केमिस्ट्री सांभाळता. रेणू बनवायचं पुष्कळसं काम आता कंत्राटी संशोधन संस्थांकडे जातं, त्यामुळे ठरवणारे एका देशात आणि बनवणारे दुसऱ्या देशात हे नेहमीचं झालं आहे. माझ्या मते यात नुकसान आहे. ज्याने फ्लास्क हातात धरला त्याला आकड्याआधीच काहीतरी कळलेलं असतं आणि ते ईमेलमधून पोचत नाही. नोकरीची शाश्वती कमी, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०११ मध्ये फायझरने इंग्लंडमधलं सँडविच इथलं संशोधन केंद्र बंद करत असल्याचं जाहीर केलं. सिल्डेनाफिल जिथे शोधलं गेलं ते हे केंद्र, आणि सुमारे २,४०० लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. चांगलं काम केलं म्हणून नोकरी टिकेलच असं नसतं. काही जण मग पेटंटच्या कामाकडे वळतात, काही औषध-नियमन किंवा प्रोजेक्ट व्यवस्थापनाकडे. रेणू वाचायची सवय तिथेही उपयोगी पडते.

सर्वांत जड जाणारी गोष्ट वेगळीच आहे. मानवी चाचण्यांत उतरलेल्या दर दहा उमेदवारांतले साधारण नऊ बाद होतात, आणि आमचे बहुतेक प्रोजेक्ट तर तिथपर्यंतही पोचत नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत एकही रेणू औषध झाला नाही असे कितीतरी उत्तम केमिस्ट आहेत. टार्गेटबद्दलचा मूळ अंदाज चुकीचा निघाला तर सर्वांत देखणा रेणूसुद्धा काही करू शकत नाही. मी तीन वर्षं घडवलेली रेणूंची एक मालिका अशीच बंद झाली, आमची केमिस्ट्री बिनचूक असताना. त्या कुप्या अजून साठ्यात आहेत. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाला त्यातलाच एक रेणू वेगळ्या प्रथिनासाठी हिट म्हणून मिळाला, तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला नीट समजावून सांगू शकले नाही.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी एका गोष्टीची तयारी करावी. फळ्यावर एक रेणू काढलेला असेल, बाजूला चार-पाच आकडे लिहिलेले असतील: ताकद चांगली, विद्राव्यता वाईट, यकृतात टिकत नाही. खडू तुमच्या हातात देतील आणि विचारतील, यात काय बदलाल? लगेच उत्तर देऊ नका. आधी विचारा की यकृत तो नेमका कुठे तोडतंय. ते ठाऊक नसेल तर तिथे फ्लोरिन लावायचा की कडं लहान करायचं हे तुम्ही ठरवणार कशावरून? मी मुलाखत घेते तेव्हा पहिल्या उत्तरापेक्षा या पहिल्या प्रश्नाकडे माझं जास्त लक्ष असतं.